राष्ट्रध्वजाच्या रचनेवर कॉपीराइट असतो का?

यारातीर
नमस्कार. मेलबर्नमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेचे संपादन या वर्षी माझ्याकडे आहे. मुखपृष्ठावर भारताचा तिरंगा, ऑस्ट्रेलियाचा निळा राष्ट्रध्वज आणि इथल्या मूळनिवाशांचा, म्हणजे ॲबोरिजिनल समाजाचा, काळ्या-तांबड्या पट्ट्यांवर पिवळा गोल असलेला ध्वज असे तीन ध्वज एकत्र घ्यावेत, अशी समितीची इच्छा आहे. स्मरणिका पुण्यात छापली जाईल आणि तिचा बराचसा खर्च जाहिरातींतून निघेल. बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, की ध्वज हेसुद्धा कोणीतरी काढलेले चित्रच आहे, मग ते छापण्यासाठी कोणाची परवानगी नको का? त्यावर काहींचे म्हणणे पडले, की जो ध्वज साऱ्या देशाचा आहे त्याला मालक कसा असेल?

आदराने केलेल्या वापरासाठी ध्वजाला कोणाची परवानगी लागू नये, असे मला वाटते. परंतु मला काय वाटते आणि कायदा काय म्हणतो, यांत अंतर असू शकते. इथे वकील, छपाई व्यवसायातले सभासद आणि ऑस्ट्रेलियात दीर्घकाळ राहिलेली मंडळी आहेत, म्हणून हा धागा काढला आहे.

न्यायपंथी
यारातीर, कॉपीराइट हा चित्राला मिळतो, त्या चित्रामागच्या भावनेला किंवा अर्थाला मिळत नाही. त्यामुळे कोणत्याही ध्वजाबद्दल आधी हे पाहावे लागते, की त्याची रचना कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र कलाकृती ठरते का. ठरत असेल, तर ती कोणी आणि कोणत्या नात्याने काढली, तिचे हक्क कोणाला लेखी दिले होते का आणि हक्काची मुदत उरली आहे का, हे प्रश्न येतात. जगभर याचे एकच उत्तर नाही. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीवर कॉपीराइटच निर्माण होत नाही. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि भारत या देशांत मात्र सरकार स्वतः कॉपीराइटचे मालक असू शकते.

तिरंग्यापुरते बोलायचे, तर घटना समितीने तो २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम २८ नुसार सरकारी कृतीवरचा हक्क, ती ज्या वर्षी प्रसिद्ध झाली त्याच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. तिरंग्याची रचना सरकारी कृती मानली तरी ती मुदत २००७ अखेर संपली. तिचे श्रेय पिंगली वेंकय्या यांना व्यक्ती म्हणून द्यायचे ठरवले, तर त्यांचे निधन १९६३ मध्ये झाले आणि कर्त्याच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे २०२३ अखेर पूर्ण झाली. म्हणजे कोणत्याही बाजूने मोजले तरी आज तिरंग्यावर कॉपीराइट नाही.

यावरून तिरंगा कसाही वापरता येतो, असा अर्थ मात्र कृपया कोणी काढू नये. बोधचिन्हे आणि नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा १९५० चा कायदा व्यापार-धंद्यासाठी तिरंगा वापरायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी मागतो. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणाऱ्या १९७१ च्या कायद्यात तर ध्वजाचे चित्र, छायाचित्र किंवा दिसू शकेल असे कोणतेही रूप ध्वजच मानले आहे. या दोन्ही कायद्यांना मुदत नाही.

चिकित्सक
न्यायपंथी, उत्तर स्पष्ट आहे, तरीही एक शंका आहे. तीन आडवे पट्टे ही कलाकृती कशी ठरावी? फ्रान्सचा ध्वज म्हणजे तीन उभे पट्टे, पोलंडचा म्हणजे पांढऱ्याखाली तांबडा. उद्या कोणी दोन रंग एकाखाली एक लावले आणि त्यावर हक्क सांगितला, तर न्यायालय तो मान्य करील का?

न्यायपंथी
चिकित्सक, शंका रास्त आहे. नुसत्या पट्ट्यांसारख्या सामान्य भौमितिक आकारांची नोंदणी अमेरिकेचे कॉपीराइट कार्यालय करीत नाही. इतर देशांतही रचनेत कर्त्याची स्वतःची काही निवड आणि कौशल्य दिसावे लागते. पण साधेपणा आणि स्वतंत्रता यांच्यामधली रेषा कुठे आखायची, हे प्रत्येक देशाची न्यायालये आपापल्या परीने ठरवतात. ॲबोरिजिनल ध्वज पाहा. दोन पट्टे आणि एक गोल, इतकीच ती रचना आहे, तरी ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने तिला कलाकृती मानले. त्या प्रकरणावर दूरदेशी यांनी लिहावे, अशी विनंती.

अभ्यासिका
दूरदेशी येईपर्यंत अमेरिकेच्या ध्वजाबद्दल थोडे लिहिते, कारण 'हा ध्वज मी काढला, मला मोबदला द्या' ही मागणी फार जुनी आहे. तारे आणि पट्टे असलेला ध्वज तिथल्या काँग्रेसने १४ जून १७७७ रोजी ठरवला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी १७८० मध्ये ध्वज आणि इतर चिन्हांच्या रचनेबद्दल सरकारकडे मोबदला मागितला आणि पहिल्या पत्रात सार्वजनिक साठ्यातल्या वाइनचे एक पिंप मिळावे असे सुचवले. ती मागणी फेटाळताना, या कामात इतरांचाही सल्ला घेतला होता आणि हॉपकिन्सन हे सरकारी वेतन घेणारे अधिकारी होते, अशी कारणे देण्यात आली. तेव्हा तिथे कॉपीराइटचा संघराज्यीय कायदा झालेला नव्हता, तो १७९० चा. तरीही काम एकट्याचे की अनेकांचे आणि ते पगारी कर्तव्याचा भाग होते का, हे दोन मुद्दे आजच्या कोणत्याही खटल्यात जसेच्या तसे उभे राहतात.

दक्षिण आफ्रिकेचा सध्याचा ध्वज हे दुसरे उदाहरण. तो फ्रेडरिक ब्राउनेल यांनी रेखाटला आणि २७ एप्रिल १९९४ पासून तो फडकू लागला. ब्राउनेल हे त्या देशाच्या राजचिन्हे व ध्वज यांचा कारभार पाहणारे सरकारी अधिकारी होते, त्यामुळे ध्वजावर त्यांचा व्यक्तिगत हक्क कधी उभाच राहिला नाही.

गोदाकाठ
तिरंग्याचा 'कर्ता' एकच होता, हे मला पटत नाही. वेंकय्या यांनी १९२१ मध्ये बेजवाड्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी गांधीजींना तांबडा आणि हिरवा अशा दोन रंगांचा ध्वज दाखवला. पांढरा पट्टा गांधीजींच्या सूचनेवरून आला आणि चरख्याची कल्पना जालंधरच्या लाला हंसराज यांची होती. १९३१ मध्ये केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम ठरला. १९४७ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने चरख्याच्या जागी सारनाथच्या सिंहस्तंभावरचे चक्र घेतले आणि त्या वेळच्या कामात बद्रुद्दिन व सुरैया तय्यबजी यांचाही वाटा सांगितला जातो. ज्या रचनेत इतक्या लोकांचा हात आहे आणि जिचा मध्यवर्ती भाग दोन हजार वर्षांहून जुन्या शिल्पातून आला आहे, तिच्यावर एकाचे नाव लावणे अन्यायाचे होईल.

मी नांदेडचा. आमच्याकडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती तिरंगे तयार करते आणि त्यासाठीचे खादीचे कापड उदगीरकडून येते. बरेच लोक समजतात, की ध्वज तयार करण्याचा हक्क मोजक्याच संस्थांना आहे, म्हणजे त्यावर सरकारचा कॉपीराइट असावा. प्रत्यक्षात ते बंधन प्रमाणांचे होते. ध्वजाचे प्रमाण हे भारतीय मानकांमधले पहिलेच मानक, आयएस १. त्यात कापड, सूत, रंग आणि शिलाईसकट आकार ठरवून दिले आहेत. अधिकृत आकार नऊ असून सर्वांत मोठा ६३०० गुणिले ४२०० मिलिमीटरचा असतो. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावर तयार केलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही मुभा मिळाली, तेव्हा खादीच्या कारागिरांना मोठा धक्का बसला. हात-सुताच्या कापडाला दुसरे कोणतेच कायदेशीर संरक्षण नव्हते, ही खंत मला आजही आहे.

न्यायपंथी
गोदाकाठ यांनी मांडलेला इतिहास माझ्या मुद्द्याला पूरकच आहे. रचना अनेकांची असल्यामुळे ती समितीने, म्हणजे पर्यायाने राज्याने, केलेली कृती मानणे अधिक योग्य आहे. तारखेचा हिशेब मी दोन्ही बाजूंनी यासाठीच दिला, की कोणताही पक्ष घेतला तरी निष्कर्ष बदलत नाही.

दूरदेशी
विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मी ॲडलेडला राहतो. ॲबोरिजिनल ध्वज पहिल्यांदा याच शहरातल्या व्हिक्टोरिया चौकात जुलै १९७१ मध्ये फडकला. तो हॅरल्ड थॉमस यांनी रेखाटला. ते लुरिचा समाजाचे, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कलाशाळेतून शिकलेले चित्रकार. वरचा काळा पट्टा मूळनिवासी लोकांचा, खालचा तांबडा भूमीचा आणि मधला पिवळा गोल सूर्याचा. पुढच्याच वर्षी कॅनबेरामध्ये संसदेसमोर जमिनीच्या हक्कांसाठी तंबू उभा राहिला आणि तिथून हा ध्वज देशभर पोहोचला. १९९४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत धावपटू कॅथी फ्रीमन यांनी विजयानंतर तो खांद्यावर घेतला, तेव्हा तर तो जगाने पाहिला.

जुलै १९९५ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने १९५३ च्या ध्वज कायद्याखाली त्याला देशाचा एक अधिकृत ध्वज म्हणून घोषित केले. या घोषणेने तो ध्वज सरकारचा झाला, असे अनेकांना वाटले. तसे झाले नाही. रचना कोणाची, या वादात आणखी दोघांनी दावे केले होते. फेडरल न्यायालयाने १९९७ मध्ये ते दावे अमान्य करून थॉमस हेच कर्ते आणि म्हणून कॉपीराइटचे मालक असल्याचा निर्णय दिला. थॉमस यांनी हा ध्वज सरकारच्या नोकरीचे काम म्हणून काढलेला नव्हता आणि आपला हक्क कोणाला लिहूनही दिलेला नव्हता. अधिकृत घोषणेने हक्काचे हस्तांतर होत नसते. ऑस्ट्रेलियात हा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे राहतो, म्हणजे या ध्वजाच्या बाबतीत तो या शतकाच्या उत्तरार्धातही बराच काळ चालला असता.

याचे परिणाम लोकांना हळूहळू कळले. २०१० मध्ये २६ जानेवारीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलिया दिनाच्या, निमित्ताने गूगलने एका शाळकरी मुलीचे चित्र आपल्या पानावर घेतले. मूळ चित्रात हा ध्वज होता, पण परवानगीचा प्रश्न सुटला नाही आणि तो काढून चित्र दाखवावे लागले. त्यानंतर २०१८ मध्ये थॉमस यांनी कपड्यांवर हा ध्वज छापण्याचा एकमेव परवाना एका खासगी कंपनीला दिला. ती कंपनी मूळनिवाशांच्या मालकीची नव्हती. २०१९ मध्ये तिने मूळनिवासी समाजातल्याच लोकांनी चालवलेल्या छोट्या व्यवसायांना आणि फुटबॉलच्या मोठ्या संघटनांना कायदेशीर पत्रे पाठवली. 'ध्वज मोकळा करा' ही मोहीम तेव्हा उभी राहिली. २०२० मध्ये सिनेटच्या समितीने साक्षी घेतल्या, आणि त्याच वर्षी मूळनिवासी खेळाडूंच्या सन्मानार्थ होणाऱ्या फुटबॉल फेरीत मैदानावर हा ध्वज रंगवला गेला नाही. मी तो सामना घरी दूरचित्रवाणीवर पाहिला आणि मैदानाचा तो रिकामा मध्यभाग पाहून फार वाईट वाटले.

अखेर जानेवारी २०२२ मध्ये सरकारने २ कोटी ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा करार करून कॉपीराइट विकत घेतला. त्या रकमेत थॉमस यांचा मोबदला आणि दिलेले परवाने संपवण्याचा खर्च, दोन्ही होते. तेव्हापासून कोणीही हा ध्वज कपड्यावर, चित्रात, संकेतस्थळावर किंवा मैदानावर परवानगी न घेता आणि पैसे न देता वापरू शकतो. कर्ता म्हणून नाव जोडले जाण्याचा नैतिक हक्क थॉमस यांच्याकडे राहिला. व्यापारी प्रमाणावर कापडी ध्वज तयार करण्याचा परवाना आधीच्या उत्पादकाकडेच ठेवला आहे, मात्र स्वतःपुरता ध्वज कोणीही शिवू शकतो.

तेव्हा यारातीर, तुमच्या मुखपृष्ठाला आज अडचण नाही. तुम्ही हाच प्रश्न २०२१ मध्ये विचारला असता, तर उत्तर वेगळे मिळाले असते.

रंगरेषा
दूरदेशी, आभार. मी चित्रकार आहे आणि या कथेकडे थोडे निराळ्या बाजूने पाहते. थॉमस यांना लोभी ठरवणारे लेख मी वाचले आहेत आणि त्यांनी मला अस्वस्थ केले. ज्या समाजाच्या जमिनी, कला आणि नक्षी दोन शतके विनामोबदला घेतल्या गेल्या, त्या समाजातल्या एका चित्रकाराने आपल्या रचनेवरचा हक्क न्यायालयात सिद्ध करून दाखवला, ही लहान गोष्ट नाही. तो हक्क नसता, तर पहिल्या दिवसापासून या ध्वजाचे टॉवेल आणि टोप्या विकून दुसऱ्याच कोणी पैसे मिळवले असते. परवाना कोणाला द्यावा याबद्दल मतभेद जरूर असावेत. पण 'चित्र इतके लोकप्रिय झाले की ते आता तुमचे राहिले नाही', हे वाक्य आम्हा चित्रकारांना अगदी लग्नपत्रिकेच्या नक्षीबद्दलही ऐकावे लागते आणि ते प्रत्येक वेळी आमचे काम फुकट मागण्यासाठीच म्हटलेले असते.

चिकित्सक
रंगरेषा ताई, चित्रकाराच्या मोबदल्याबद्दल माझे दुमत नाही. माझी अडचण पुढची आहे. ध्वजाला ध्वजपण देते कोण? १९२३ मध्ये नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात चरख्याचा ध्वज हाती घेऊन लोक सिव्हिल लाइन्समध्ये शिरत होते आणि तुरुंगात जात होते. त्या ध्वजाची किंमत त्या सत्याग्रहींनी वाढवली, रेखाटणाऱ्याने नव्हे. ॲबोरिजिनल ध्वजाचेही तेच. १९७२ च्या तंबूपासून पुढच्या प्रत्येक मोर्चात ज्यांनी तो हातात धरला, त्यांनी त्यात जे ओतले त्याचा हिशेब कॉपीराइटच्या कायद्यात कुठेच नाही. ज्या समाजाने ते चिन्ह मोठे केले, त्याच समाजातल्या दुकानदाराला ते छापल्याबद्दल नोटीस यावी, हे कायद्याच्या चौकटीत बसत असले तरी मला न्याय्य वाटत नाही.

रंगरेषा
मला तो राग समजतो. पण मग समाजाने किंवा सरकारने १९९५ मध्येच, अधिकृत घोषणा करताना, थॉमस यांच्याशी करार करायला हवा होता. चित्रकाराचा हक्क विचारातच न घेता ध्वज अधिकृत करून टाकला आणि २७ वर्षांनी त्याचा बोजा त्याच चित्रकारावर टाकला, असे मी म्हणेन. टॉरेस सामुद्रधुनीतल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या, बेटांवरील मूळनिवाशांच्या ध्वजाचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे.

दूरदेशी
रंगरेषा यांनी योग्य आठवण दिली. तो ध्वज बर्नार्ड नामोक यांनी १९९२ मध्ये एका स्पर्धेसाठी रेखाटला. हिरवा, काळा, निळा, आणि मध्ये पांढरे शिरोभूषण व पाच टोकांचा तारा. त्याचा कॉपीराइट तिथल्या लोकनियुक्त प्रादेशिक परिषदेकडे आहे, म्हणजे हक्क व्यक्तीकडेही नाही आणि कॅनबेरातल्या सरकारकडेही नाही. तो ध्वज छापायचा असेल, तर परिषदेची परवानगी मागायची असते. चिकित्सक यांना हवी असलेली सामुदायिक मालकी आणि रंगरेषा यांना हवा असलेला लेखी व्यवहार, असे दोन्ही त्यात साधले आहे.

यारातीर, तुम्ही मूळनिवाशांचा सन्मान म्हणून एकच ध्वज घेणार असाल, तर इथल्या प्रथेप्रमाणे हे दोन्ही ध्वज बरोबरीने लावले जातात, हे समितीच्या कानावर घालावे.

हंबरकाठी
मी टोरांटोहून. कॅनडाचा मेपलच्या पानाचा ध्वज १५ फेब्रुवारी १९६५ पासूनचा आहे आणि त्याची मूळ कल्पना इतिहासकार जॉर्ज स्टॅन्ली यांची. इथे सरकारी कृतीवरचा कॉपीराइट ५० वर्षांचा असतो, त्यामुळे तो प्रश्न मागे पडला आहे. मात्र ट्रेडमार्कच्या कायद्यानुसार सरकारच्या संमतीशिवाय ध्वज कोणालाही आपले व्यापारचिन्ह म्हणून घेता येत नाही.

न्यायपंथी
हंबरकाठी यांनी सांगितलेला नियम फक्त कॅनडाचा नाही. औद्योगिक मालमत्तेच्या पॅरिस कराराच्या सहाव्या अनुच्छेदाला जोडलेल्या तरतुदीनुसार सदस्य देशांनी एकमेकांचे राष्ट्रध्वज व्यापारचिन्ह म्हणून नोंदवू द्यायचे नसतात. भारतातही १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचे कलम ९ वर उल्लेख केलेल्या १९५० च्या कायद्याकडे बोट दाखवून तसे चिन्ह नाकारते. म्हणजे कॉपीराइट संपलेला ध्वज सर्वांना काढता येतो, पण कोणालाच आपल्या मालाचा शिक्का म्हणून अडवून ठेवता येत नाही. मला ही व्यवस्था फार समंजस वाटते.

मांडवीपार
एक व्यावहारिक गोष्ट राहून जाते आहे. ध्वजाच्या रचनेवर हक्क नसला, तरी ध्वजाच्या छायाचित्रावर असतो. लाल किल्ल्यावर फडकणाऱ्या तिरंग्याचा कोणीतरी टिपलेला फोटो इंटरनेटवरून उचलला, तर तो छायाचित्रकाराचा हक्कभंग आहे. आमच्या पणजीतल्या एका संस्थेने असाच एक फोटो फलकावर लावला होता आणि नंतर छायाचित्रकाराला रीतसर पैसे द्यावे लागले. जुन्या ध्वजांनाही हेच लागू होते. मॅडम कामा यांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी स्टुटगार्टमध्ये फडकावलेला ध्वज पुण्याच्या केसरीवाड्यात जतन केला आहे. त्याची रचना कोणीही नव्याने काढू शकतो, पण एखाद्याने तिथे जाऊन काढलेले छायाचित्र त्याला विचारूनच वापरावे.

यारातीर
सर्वांचे मनापासून आभार. अजून तीन गोष्टी विचारतो. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य ध्वजाबद्दल काही अट आहे का? मुखपृष्ठाच्या कच्च्या आराखड्यात तिरंग्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर स्मरणिकेचे नाव येते आहे, ते चालेल का? आणि जाहिराती आहेत म्हणून आमचा वापर व्यापारी ठरेल का?

दूरदेशी
ऑस्ट्रेलियाचा ध्वज १९०१ च्या स्पर्धेतून आला. त्या स्पर्धेत ३२,८२३ प्रवेशिका आल्या आणि जवळजवळ सारखीच रचना पाठवणाऱ्या पाच जणांना बक्षीस वाटून दिले गेले. त्यांत एक १४ वर्षांचा शाळकरी मुलगा होता. तो ध्वज ३ सप्टेंबर १९०१ रोजी तुमच्याच शहरातल्या रॉयल एक्झिबिशन बिल्डिंगवर पहिल्यांदा चढला. आज त्याच्या व्यापारी वापरालाही औपचारिक परवानगी लागत नाही. मार्गदर्शक सूचना इतक्याच आहेत, की तो पूर्ण स्वरूपात दाखवावा, त्यावर मजकूर छापू नये, इतर वस्तूंनी तो झाकू नये आणि त्याचे सगळे भाग ओळखू यावेत.

न्यायपंथी
तिरंग्यावर नाव अजिबात छापू नका. ध्वजावर कोणत्याही प्रकारचा मजकूर लिहिणे हे १९७१ च्या कायद्याच्या स्पष्टीकरणात अवमान म्हणून नोंदवले आहे आणि ध्वजाचे छापील चित्रही त्या व्याख्येत येते. वाचक मेलबर्नचे असले, तरी छपाई पुण्यात होणार, म्हणजे भारताचा कायदा तिथे लागू आहेच. मेलबर्नमध्येच छापून घेतले असते, तरी मी हाच सल्ला दिला असता.

जाहिरातींबद्दल असे, की १९५० चा कायदा व्यापार, धंदा किंवा व्यवसाय यांच्यासाठी केलेल्या वापराविषयी बोलतो. सांस्कृतिक मंडळाच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ हा माझ्या मते तसा वापर नाही. पण आतल्या पानावर एखाद्या जाहिरातदाराने आपल्या दुकानाच्या नावामागे तिरंगा लावून पाठवला, तर तो सरळ त्या कायद्यात येतो. ध्वजसंहितेतही व्यापारी वापराबद्दल हेच सांगितले आहे. तेव्हा जाहिरातींचा मजकूर मागवतानाच ही अट लिहून कळवा. ऑगस्ट आणि जानेवारीच्या अंकांत अशा जाहिराती इतक्या येतात, की संपादकांनाही त्यात काही वावगे वाटेनासे झाले आहे.

चिकित्सक
न्यायपंथी, याच ठिकाणी मला कायद्याचा समतोल पटतो. नवीन जिंदाल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सन्मानाने ध्वज फडकावणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. तिरंगा लावणे हा नागरिकाचा हक्क आणि त्यातून माल विकण्याला मनाई, अशी ही विभागणी आहे. ॲबोरिजिनल ध्वजाच्या बाबतीत कायद्याने उलट केले. माल विकणाऱ्याला परवाना होता आणि मैदानावर तो रंगवू पाहणारे अडकले.

रंगरेषा
यावर आपले एकमत आहे. फक्त त्या परवान्याचा दोष कॉपीराइट असण्याला देऊ नये, इतकेच माझे म्हणणे. आणि श्रेयनामावलीत 'ॲबोरिजिनल ध्वजाची रचना: हॅरल्ड थॉमस' अशी एक ओळ अवश्य द्यावी.

यारातीर
समितीशी बोललो. तिरंग्यावरचे नाव काढले आहे, ते आता ध्वजांच्या वर मोकळ्या जागेत येईल. टॉरेस सामुद्रधुनीचा ध्वजही घ्यायचा असे ठरले असून परिषदेला परवानगीसाठी पत्र पाठवले आहे. उत्तर आल्याशिवाय मुखपृष्ठ छपाईला जाणार नाही. जाहिरातदारांना अट कळवली आहे आणि थॉमस व नामोक या दोघांची नावे श्रेयनामावलीत येतील. चारही ध्वजांची चित्रे आमच्याच एका सभासद भगिनी अधिकृत मापांवरून नव्याने काढत आहेत.

छापखाना
मी पुण्यात ऑफसेट छपाई करतो, म्हणून मुखपृष्ठ छपाईला जाण्याआधी दोन सूचना. पहिली, ध्वज पानाच्या कडेपर्यंत नेऊ नका. कटिंगमध्ये कडेचा भाग जातो आणि तिरंग्याचा पट्टा एका बाजूने कापलेला दिसतो. सगळीकडून किमान एक सेंटिमीटर कोरी जागा ठेवा. दुसरी, चार ध्वजांची मापे सारखी नाहीत. तिरंगा आणि मूळनिवाशांचे दोन्ही ध्वज दोनास तीन या प्रमाणात असतात, तर ऑस्ट्रेलियाचा निळा ध्वज एकास दोन, म्हणजे अधिक लांब असतो. रांगेत सारखे दिसावेत म्हणून डिझायनर तो बाजूने दाबतात आणि त्यावरचे तारे चपटे होतात. उंची सर्वांची सारखी ठेवा, लांबी ज्याची त्याला राहू द्या. अशोकचक्राच्या २४ आऱ्या बारीक आकारात एकमेकांत मिसळतात, तेव्हा तिरंगा पाच सेंटिमीटरपेक्षा लहान घेऊ नका आणि संगणकावरचे नव्हे, कागदावरचे प्रूफ मागवून मगच मंजुरी द्या.